अचानक लाइट गेल्यावर ऑफिसचा लिनक्स सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकलाय, तीनदा रीस्टार्ट केला. डेटा न गमावता कसा सुरू करू?

कारण बघितल्याशिवाय चौथ्यांदा रीस्टार्ट करू नका. लाइट जाऊन बिघडतं त्याहून जास्त आपल्या घाईने बिघडतं, हे भोगून सांगतोय.

एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळायचो. वळवाचा पाऊस, यूपीएसची बॅटरी कधीच उतरलेली. लाइट गेली, आली, परत गेली, आणि दर वेळी सर्व्हर आपोआप चालू होत राहिला. (बायोसमधलं, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममधलं, ते सेटिंग मी नंतर बंद केलं.) शेवटी मारियाडीबी (नोंदी ठेवणारा डेटाबेस) उठेना. कुठेतरी वाचून मी तिची लॉगफाइल (बदल आधी जिथे लिहिले जातात ती फाइल) उडवली. जुनी आवृत्ती होती, तिने मुकाट्याने नवी फाइल बनवली आणि डेटाबेस सुरू झाला. मी खूश. संध्याकाळी कॅशियर मॅडमची शिल्लक जुळेना! टेबलांत उतरायच्या राहिलेल्या नोंदी फक्त त्या लॉगमध्येच होत्या. पावत्यांच्या स्थळप्रती काढून रात्री बारापर्यंत पुन्हा भरत बसलो.

तुमच्याकडे आधी रूट पासवर्ड देऊन 'जर्नलसीटीएल -एक्सबी' (journalctl -xb, सर्व्हर सुरू होतानाच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवा आणि लाल ओळी वाचा. बऱ्याचदा फाइलसिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) धड असते. एफएसटॅबमध्ये (/etc/fstab, सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) लिहिलेली बॅकअपची यूएसबी डिस्क सापडत नाही म्हणून सर्व्हर ९० सेकंद वाट पाहून अडून बसतो. तसं असेल तर त्या ओळीत 'नोफेल' (nofail, म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा) घाला, काम झालं.

फाइलसिस्टिमच खराब असेल तर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं) चालू करा. माउंट असलेल्या, म्हणजे जोडून वापरात असलेल्या, डिस्कवर एफएससीके (fsck, फाइलसिस्टिम दुरुस्तीची कमांड) कधीही चालवू नका. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) खराब सेक्टर दिसले तर आधी डीडीरेस्क्यूने (ddrescue, खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा. फाइलसिस्टिम ईएक्सटी४ प्रकारची असेल तर बहुतेक वेळा जर्नल (अर्धवट बदलांची नोंद) वाचून ती स्वतःच सावरते. एक्सएफएस प्रकारची असेल तर एकदा माउंट करून काढा, म्हणजे लॉगमधलं अर्धवट काम पूर्ण होईल. 'एक्सएफएस रिपेअर' या दुरुस्तीच्या कमांडला मोठा 'एल' लावला (xfs_repair -L) की लॉग फेकला जातो, म्हणजे माझ्या पतसंस्थेचाच प्रकार. अगदी कुठलाच मार्ग उरला नाही तरच.

डेटाबेस चालू करण्याआधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं आणि नव्या नोंदींवर भलतीच तारीख पडते.

मारियाडीबी उठताना वेळ घेत असेल तर घेऊ द्या, ती लॉग वाचून सावरत असते. उठलीच नाही तर आधी डेटा फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करा, मग मारियाडीबीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' (innodb_force_recovery) हे सेटिंग १ ठेवून बघा, नाही जमलं तर २, ३. उठली की लगेच डंप (सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत) काढून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये भरा. ४ पासून पुढे डेटा कायमचा खराब होऊ शकतो, त्यामुळे तिथे जायच्या आधी त्या लाल ओळी मला कळवा.