वाचकांचे प्रश्न : नकाशातली नोकरी

प्रश्न : मुलगी भूगोलात एम.ए. करतेय. नकाशे तर सरकारच काढतं, मग तिला खासगी नोकरी कोण देणार? – एक आई, कळवा

उत्तर : ताई, मी ३० वर्षं मोजणीची साखळी ओढली, तेव्हा तुमचं म्हणणं खरं होतं. १७६७ पासूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाची मक्तेदारीच म्हणा ना! फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम सैल झाले. भारतीय कंपन्या पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करू लागल्या. त्याच महिन्यात इस्रोने मॅपमायइंडिया या खासगी नकाशा कंपनीशी हात मिळवला : उपग्रहचित्रं इस्रोची, रस्ते-पत्ते कंपनीचे. कंपन्या आणि इस्रोनंतर तिसरा भिडू संशोधन. पवईच्या आयआयटीत दूरसंवेदनाचं, म्हणजे उपग्रह-विमानातून जमीन टिपून अभ्यासण्याचं, केंद्र आहे, चौकशी करा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर तिला आजच शिकू दे, फुकट मिळतं. आणि एकदा तरी उन्हात टेप धरायला लावा.