प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनो, तुमचा हा आठवडा कसा गेला आणि तंत्रज्ञानातलं वाचण्यासारखं काय सापडलं?

मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या आठवड्यात घरची बातमी आणि वाचन हे दोन्ही एकमेकांत इतकं गुंतलं की वेगळं करून सांगता येणार नाही.

मंगळवारी आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचं वाचनालय सांभाळतात. गेलं वर्षभर ते रजिस्टरमधली पुस्तकं फोनवरून एका शीटमध्ये भरत होते. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. मी सुट्टी काढून गावीच होते. उरलेल्या नोंदी लॅपटॉपवर भरल्या आणि विषयवार पुस्तकं मोजायला पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला.

यादी आली. कादंबऱ्या ४१२. तीन ओळी खाली पुन्हा कादंबऱ्या, ९६.

दोन्ही शब्द स्क्रीनवर अगदी सारखे. मागेपुढे स्पेस असेल म्हणून तीही काढली, तरी आकडे तेच. शेवटी दोन्ही शब्दांची लांबी छापून पाहिली. एकाची ९, दुसऱ्याची १०! मग एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक छापला, म्हणजे संगणकांसाठी जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक. मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्टने (भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-रचनेने) टाइप केलेल्या शब्दात ऱ होता, म्हणजे क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. आजोबांच्या फोनने मात्र साधा र (०९३०), हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह घातलं होतं. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर. त्याला रुंदीच नाही, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही, पण संगणकासाठी ते पुरतं एक अक्षर असतं.

वर्गाच्या ग्रुपवर विचारलं तर एकाने सांगितलं, अदृश्य अक्षरं सरळ उडवून टाक. तसं केलं आणि पहिल्या दहा ओळी आजोबांना वाचून दाखवायला गेले. ते काळा चष्मा लावून पडवीत बसले होते. स्क्रीन तोंडाजवळ धरून म्हणाले, "अगं, हे कादंबर्या काय झालंय? डोक्यावर रफार कुठून आला?" त्यांचं बरोबर होतं. ते चिन्ह निघालं की र वर चढून रफार होतो. मग त्यांनीच समजावलं, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. दर्यामध्ये आधीच्या द वर आघात येतो, दऱ्यामध्ये येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलंय. मला आघाताचा नियम परीक्षेपुरता माहीत होता. तो न पाळल्यामुळे प्रोग्रॅम चुकतो हे त्या दिवशी कळलं.

पुढचा प्रयत्न नॉर्मलायझेशनचा. एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं असेल तर त्याला एका रूपात आणायची ही युनिकोडचीच पद्धत. र आणि खाली नुक्ता (टिंब) असं लिहिलेलं असेल तर ती त्याचा ऱ करते, पण जॉइनरला हात लावत नाही. आकडे पुन्हा ४१२ आणि ९६.

बुधवारी रात्री युनिकोड मानकाचं बारावं प्रकरण उघडलं. ते भारतीय लिप्यांबद्दल आहे आणि फुकट वाचता येतं. तुम्ही वाचण्यासारखं काय म्हणून विचारलंत, तर माझं उत्तर हेच. देवनागरीच्या नियमांत लिहिलंय की हा पापणीसारखा र, इंग्रजीतला आयलॅश रा, मराठीत आणि नेपाळमधल्या नेवारी भाषेत नेहमी वापरला जातो. मला फार बरं वाटलं. जगभरातले इंजिनिअर वाचतात त्या मानकात आपल्या ऱ्या साठी वेगळा नियम आहे! आणि माझ्या ४१२-९६ चं कारणही तिथेच निघालं. ऱ आणि हलन्त ही रीत इस्की या जुन्या भारतीय मानकाला धरून आहे. र, हलन्त आणि जॉइनर ही रीत १९९६ च्या युनिकोड २.० शी सुसंगत राहावं म्हणून ठेवली आहे. दोन्ही अधिकृत, दोन्ही बरोबर. म्हणजे आजोबांचा फोनही चुकला नव्हता आणि माझा लॅपटॉपही.

उपाय एका ओळीचा निघाला: साठवण्याआधी दुसरी रीत पहिलीत बदलून घ्यायची. तुम्ही मराठी मजकुरात शोध देणारं काहीही बनवत असाल तर ही ओळ घालाच. शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची, कर्मचाऱ्यांची अशी कुठलीही यादी घ्या, हा ऱ भेटतोच.

अकारविल्हे लावतानाही असंच झालं. पायथॉनने काळा आधी लावला आणि कावळा नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, पण युनिकोडमध्ये तो ल ला लागून आहे, व च्याही आधी. याचंही मूळ इस्कीत आहे. तिथे सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा दिला होता, आणि युनिकोडने तो उचलला. म्हणून देवनागरी क ०९१५ वर आणि बांगला क ०९९५ वर, बरोबर १२८ घरं पुढे (हे क्रमांक सोळाच्या पायावर मोजतात, म्हणून फरक ८० दिसला तरी तो १२८ असतो). आराखडा सुंदर आहे, पण त्यात मराठीचा क्रम बसत नाही. आयसीयू या युनिकोडच्या तयार कोड-लायब्ररीत भाषा मराठी निवडली की क्रम नीट लागतो.

शुक्रवारी इंटर्नशिपची ऑनलाइन मुलाखत होती. नेहमीचा प्रश्न आला, स्ट्रिंग (अक्षरांची माळ) उलटी करा. मी विचारलं, मराठी असली तरी चालायला हवी का? समोरच्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, करून दाखव. 'नमस्ते' घेतलं. कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड क्रमांक, सहा; यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत बाइट अठरा. सरळ उलटवलं तर मात्रा सगळ्यात आधी येते आणि लोंबकळत राहते. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून 'स्ते' हे अख्खं जोडाक्षर एक अक्षर धरायचा नियम आहे, म्हणून उलटं व्हायला हवं 'स्तेमन'. त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं. निकाल पुढच्या आठवड्यात. डेटा स्ट्रक्चर्सच्या चाचणीत ३० पैकी २१ मिळाले, त्याबद्दल एवढंच.

रविवारी सकाळी आजोबांच्या डोळ्यात थेंब घातले आणि नवी यादी वाचून दाखवली. कादंबऱ्या ५०८. त्यांनी रजिस्टर मागितलं, मी पानं उलटून बेरजा वाचल्या, ५०८ च निघाल्या. मग म्हणाले, "आता डायऱ्या बघ. मी टाकल्यात अकरा."

अकरा होत्या.