अणू जुळले तरी शून्य मार्क?

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. टेस्टला लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडचं समीकरण आलं होतं. लेड नायट्रेटमध्ये नायट्रेट दोन असतात, म्हणून मी नुसती अदलाबदल केली, लेडला एक आयोडीन दिलं आणि पोटॅशियमला ते दोन्ही नायट्रेट. मोजून बघा, दोन्ही बाजूंचे अणू सारखेच येतात की! तरी सरांनी शून्य दिलं. का?
– एक विद्यार्थिनी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : मोजले ग, येतात सारखे. पण तू उजवीकडे लिहिलीस तशी संयुगं बनतच नाहीत, मग जुळून काय उपयोग? नायट्रेट दोन होते ते लेडमुळे, कारण लेडची संयुजा, म्हणजे जोडायचे हात, इथे २ आणि नायट्रेटची १. जोडीदार बदलला की हा हिशोब नव्याने करायचा, जुना आकडा उचलून सोबत न्यायचा नाही. आयोडीन आणि पोटॅशियम दोघांचीही संयुजा १, म्हणजे लेडला आयोडीन दोन, पोटॅशियमला नायट्रेट एकच. सूत्रातले खालचे छोटे आकडे इथेच फिक्स झाले, आता बॅलन्स करायला फक्त सूत्राच्या पुढे आकडे लावायचे :

लेड नायट्रेट + २ पोटॅशियम आयोडाइड → लेड आयोडाइड ↓ + २ पोटॅशियम नायट्रेट

आणि नायट्रेटमधला नायट्रोजन वेगळा, ऑक्सिजन वेगळा असं मोजत बसू नकोस, तो अख्खा गठ्ठा दोन्हीकडे तसाच राहतो.

खाली बाण म्हणजे न विरघळता तळाला बसणारा अवक्षेप, तो कुणाला? सोडियम, पोटॅशियम, अमोनियमची नेहमीची संयुगं आणि सगळे नायट्रेट पाण्यात विरघळतात एवढं पाठ कर, मग खाली बसणारं लेड आयोडाइडच उरतं. पिवळाधमक अवक्षेप येतो, पाणी चांगलं तापवलं की तो विरघळतो आणि गार होताना सोनेरी चमचमत परत खाली उतरतो, लॅबमध्ये सरांकडे हट्टच धर, फक्त लेड विषारी आहे, घरी करायचं नाही आणि बेसिनमध्ये तर ओतायचंच नाही.

घरी बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा फेस होत नाही आणि बादलीला पांढरट चिकट थर बसतो ना, तोही अवक्षेपच. कॅल्शियमची संयुजा २, म्हणून एकेक कॅल्शियम साबणाचे दोन-दोन रेणू खाऊन टाकतो, फेसाला साबण उरणार कुठून!

आता कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम फॉस्फेटचं करून बघ, फॉस्फेटची संयुजा ३ आहे. पुढचे आकडे ओळीने ३, २, १, ६ आले पाहिजेत, नाही आले तर आधी खालचे आकडे तपास.