रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तर?

“मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आला तर घरचे म्हणतील, सगळं हिच्या डोक्यातच आहे.” अंगाच्या वासाची तपासणी करून घ्यायला निघालेल्यांकडून ही भीती मी वारंवार ऐकते. म्हणून एकीची गोष्ट, ओळख बदलून.

पंचविशीतली, अंधेरीला नोकरी. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी दाराशीच उभी राहायची. कोण नाकाला ओढणी लावतंय, याकडे सगळं लक्ष. डॉक्टरांनी ट्रायमिथाइलअमिन्युरिया या विकारासाठी लघवीची तपासणी सांगितली होती. अंडी, कडधान्यं यांतल्या कोलीन या घटकापासून आतड्यात तयार होणारं ट्रायमिथाइलअमिन यकृतातलं एफएमओ३ हे एन्झाइम एरवी वास नसलेल्या रूपात बदलतं. ते कमी पडलं, की घामाला, श्वासाला, लघवीला कुजक्या मासळीसारखा वास येतो.

“तयारी काय केलीस?”

“अंडी, शेंगदाणे, चवळी, सगळं बंद केलं.”

“वास कमी झाला?”

“थोडा झाला.”

“मग लघवीत सापडणार काय?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी पास व्हायची तयारी करत होते!”

गाठ सुटली ती इथे. माणसाला परिस्थितीपेक्षा त्याचा हट्ट जास्त छळतो, असं मी मानते. ‘माझा कुणालाही त्रास होताच कामा नये’ या हट्टापायी ती स्वतःच पुरावा पुसत होती. हे तिचं तिला दिसलं, याचं मला आजही समाधान आहे.

तेव्हा अंडी, कडधान्यं नेहमीसारखी खा. काही ठिकाणी तर मुद्दाम कोलीनयुक्त आहार देऊन नमुना घेतात. समुद्राची मासळी मात्र, अगदी सुकट-बोंबीलसुद्धा, लॅब सांगेल तितके दिवस टाळा. ती खाल्ली की निरोगी माणसाच्या लघवीतही हे घटक वाढतात. पाळीच्या दिवसांत नमुना नको. नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली असतील, लघवीत संसर्ग असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. औषधं मनाने थांबवू नका. बाटलीत आम्ल घातलेलं असेल तर ते ओतून देऊ नका, त्यामुळेच ट्रायमिथाइलअमिन उडून जात नाही. आणि शक्यतो वास जाणवतो त्या दिवशीचाच नमुना द्या.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी हिरड्या, सायनस, घामाचे विकार तपासायचे राहतात. कधी वास इतरांना येतच नाही, पण यातना खऱ्या असतात. त्यावरही उपचार आहेत.

निघताना ती म्हणाली, “आईला आजच सांगते. नॉर्मल आला, तर पुढची अपॉइंटमेंट दातांच्या डॉक्टरांची.”