प्रेतावर हसवणारं नाटक समाजावर टीका कशी करतं?

तुमचा प्रश्न असा की, घरात मृतदेह असताना चाललेला धुडगूस हा निव्वळ वात्रटपणा नाही का. ब्रिटिश रंगभूमीवर त्याला सामाजिक टीका का म्हणतात? मी इंग्रज नाटककार जो ऑर्टनच्या ‘लूट’ या नाटकाबद्दलच सांगतो. ते माझं फार जवळचं नाटक आहे.

हॅल आणि डेनिस बँक लुटतात. पैसे लपवायचे कुठे? घरात हॅलच्या आईची शवपेटी आहे. पैसे पेटीत जातात आणि आई कपाटात. या हलवाहलवीत तिचा काचेचा डोळा निखळून पडतो आणि नेमका पोलिसाच्या हाती लागतो. हा ट्रस्कॉट, वॉरंट लागू नये म्हणून पाणीखात्याचा माणूस बनून घरात घुसलेला. आईची नर्स खुनी निघते. नाटकात सरळ माणूस एकच, हॅलचे वडील. शेवटी अटक होते ती त्यांनाच. पोलीस लुटीतला वाटा घेतो.

हे हवेतून आलेलं नव्हतं. 1963 मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड चॅलेनर नावाच्या पोलिसाने एका निदर्शकाकडे विटेचा तुकडा सापडल्याचा बनाव रचला होता. पण निदर्शकाच्या खिशात विटेची भुकटीसुद्धा नव्हती, आणि खटला कोसळला. ट्रस्कॉट बेतलाय तो याच चॅलेनरवर. ‘पोलीस असं करत नाहीत’ ही मध्यमवर्गाची श्रद्धा होती आणि ऑर्टनचा घाव तिच्यावरच आहे. तेव्हा नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे (ही पद्धत 1968 मध्ये बंद झाली). त्या कचेरीने अट घातली की मृतदेह म्हणून नटी नको, बाहुलीच हवी. मृतदेहाच्या प्रतिष्ठेची एवढी काळजी!

1965 चा पहिला प्रयोग पडला, 1966 चा गाजला. ऑर्टनचा आग्रह होता की हे अगदी वास्तववादी पद्धतीने, गंभीरपणे करावं. त्याचा अर्थ मला आमच्याच घरी कळला. आम्ही चौघांनी एकदा या नाटकाचं वाचन केलं. पहिल्यांदा आवाज काढून, चेहरे वेडेवाकडे करून वाचलं. कुणी हसलं नाही. मग वडिलांची वाक्यं मित्राने खऱ्याखुऱ्या दुःखाने वाचली. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांच्या अटकेपाशी आलो तेव्हा खोलीत एकदम शांतता पसरली. ‘मी आयुष्यभर कायदा पाळला, पोलीस तर सामान्य माणसाच्या रक्षणासाठी असतात,’ असं तो म्हातारा मनापासून म्हणतो आणि ट्रस्कॉटला ते कुठून तरी उचललेलं घोषवाक्य वाटतं. तोवर आपण त्या चोरांच्याच बाजूने हसत असतो, म्हणून ते इतकं झोंबतं.

वात्रटपणा असता तर नाटक पेटीतले पैसे वाटून संपलं असतं. ते संपतं नर्सच्या तोंडच्या वाक्यावर. डेनिसशी लग्न झाल्यावर आपल्याला या घरातून बाहेर पडावं लागेल, असं ती हॅलला सांगते. तो विचारतो, का? ती म्हणते, लोक काय म्हणतील, चारचौघांत बरं दिसायला हवं. आणि शवपेटीशेजारी पुन्हा प्रार्थना पुटपुटू लागते.