मॉडेल रेल्वेचे रूळ बसवताना आणि वायरिंग करताना नेमकी कोणती काळजी घ्यावी?

आपण एचओ प्रमाणाची, म्हणजे 1:87 या मापाची आणि 16.5 मिलिमीटर गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर) रेल्वे उभारत आहात. आराखड्यात एक मोठा फेरा, चार पॉइंट (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारे सांधे) आणि गाडी उलट दिशेने परत आणणारी एक वळसा-लाइन आहे, तसेच 3 अँपिअरचा डीसीसी नियंत्रक (रुळांतूनच इंजिनांना वीज आणि डिजिटल आज्ञा देणारा) आपण घेतलेला आहे. रूळ कायमचे बसवण्यापूर्वी वायरिंगचे काय काय ठरवून घ्यावे, असे आपण विचारले आहे. हा प्रश्न आपण रूळ चिकटवण्याआधी विचारलात, याचा मला मनापासून आनंद झाला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर विजेसाठी कधीही विसंबू नये. त्यांचे काम रूळ एका रेषेत धरून ठेवणे, एवढेच समजावे. नवीन असताना त्या उत्तम वीज वाहतात, परंतु काही महिन्यांत त्या सैल होतात, त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि खडीला लावलेला गोंदही आत झिरपतो. माझ्या पहिल्या मांडणीत मी संपूर्ण फेऱ्याला एकाच ठिकाणी वीज दिली होती. वर्षभरात दूरच्या बाजूला इंजिन अडखळू लागले, आणि पक्की बसलेली खडी खरवडून मला प्रत्येक तुकड्याला तारा जोडाव्या लागल्या. त्यानंतर मी रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, दोन्ही बाजूंना, स्वतंत्र तार दिल्याशिवाय पुढे जात नाही.

या बारीक तारा, रूळ ज्यावर बसवायचे त्या फलकाखालून जाणाऱ्या दोन जाड मुख्य तारांना जोडाव्यात. मुख्य तार किमान 1.5 चौरस मिलिमीटरची असावी. जाण्या-येण्याची मिळून 10 मीटर तांब्याची तार धरली आणि तिच्यातून 3 अँपिअर प्रवाह गेला, तर या जाडीत सुमारे 0.35 व्होल्टची घट होते, 0.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत तीच घट 1 व्होल्टपर्यंत जाते. रुळाला जोडायची तार मात्र 0.5 चौरस मिलिमीटरची चालते, कारण तिची लांबी वीतभरच असते. एका रुळासाठी लाल आणि दुसऱ्यासाठी काळा रंग ठरवून तो शेवटपर्यंत पाळावा, आणि प्रत्येक जोड झाल्याबरोबर मल्टिमीटरने दोन्ही रुळांत शॉर्ट नाही ना, हे पाहावे. वीस जोड झाल्यावर चूक शोधण्यापेक्षा एका जोडानंतर शोधणे कितीतरी सोपे असते.

व्होल्टेजची घट केवळ वेगासाठी महत्त्वाची नाही. मार्गातील अवरोध फार असेल, तर गाडी घसरून शॉर्ट झाल्यावरही प्रवाह नियंत्रकाच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही, नियंत्रक वीज तोडत नाही आणि तो प्रवाह चाकांतून व पॉइंटमधून वाहत राहून प्लास्टिक वितळवू शकतो. म्हणून नियंत्रकापासून सर्वांत दूरच्या ठिकाणी दोन्ही रुळांवर क्षणभर धातूचे नाणे ठेवून पाहावे. वीज तत्काळ तुटली पाहिजे. न तुटल्यास नाणे लगेच उचलावे आणि त्या भागात जादा तारा द्याव्यात.

सोल्डर करताना आत रोझिन (राळ) असलेली सोल्डरची तारच वापरावी. आम्लयुक्त फ्लक्सने जोड पुढे गंजतो. रूळ घासून स्वच्छ करावा, तार व रूळ दोन्हींवर आधी सोल्डरचा पातळ थर द्यावा आणि चांगला तापलेला, रुंद टोकाचा सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवावा. कमी तापलेले टोक बराच वेळ धरल्यानेच रुळांखालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात.

पॉइंट घेताना शक्यतो धातूच्या फ्रॉगचे (फ्रॉग म्हणजे पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) घ्यावेत. फ्रॉग प्लास्टिकचा असला, तर तेवढ्या भागात वीज मिळत नाही आणि कमी लांबीची इंजिने संथ गतीत तेथेच थांबतात. धातूच्या फ्रॉगची ध्रुवता मात्र पॉइंट फिरेल तशी बदलावी लागते, त्यामुळे अंगचा स्विच असलेली पॉइंट मोटर निवडावी.

वळसा-लाइन हा आपल्या आराखड्यातील सर्वांत नाजूक भाग आहे. तेथे फिरून आल्यावर डावा रूळ उजव्या रुळाला येऊन मिळतो, म्हणजे शॉर्ट अटळच असते. त्यासाठी वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ प्लास्टिकच्या जोडपट्ट्यांनी तोडावेत आणि मधल्या भागाला आपोआप ध्रुवता बदलणाऱ्या मोड्यूलमधून वीज द्यावी. हा तोडलेला भाग आपल्या सर्वांत लांब गाडीहून मोठा असावा. गाडी एकाच वेळी दोन्ही टोकांच्या फटींवर उभी राहिली, तर एका टोकाला जुळवलेली ध्रुवता दुसऱ्या टोकाला चुकतेच.

फलकाच्या लाकडी सांगाड्याबद्दल एवढेच सांगतो की, आडव्या पट्ट्या पॉइंटच्या बरोबर खाली येऊ देऊ नयेत, नाहीतर मोटर बसवायला जागाच उरत नाही. तारांसाठी त्या पट्ट्यांना भोके सांगाडा जोडण्यापूर्वीच पाडावीत. चढ 2 टक्क्यांहून अधिक ठेवू नये. एका लाइनवरून दुसरी नेण्यासाठी 7 सेंटिमीटर उंची गाठायची, तर त्यासाठी साडेतीन मीटर लांबी लागते, हे आराखड्यातच धरावे.

खडी सर्वांत शेवटी टाकावी. त्याआधी किमान दोन आठवडे सर्व इंजिने सर्व मार्गांवर, दोन्ही दिशांनी आणि अगदी संथ गतीने चालवून पाहावीत, कारण वेगात निभावून जाणारा सैल जोड संथ गतीतच सापडतो.