स्क्रीनवरचा भाव आणि हातात पडणारा भाव

सांगली, रविवार

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा गणपती मंदिराबाहेर मोबाईल पुढे करून म्हणालास, "काका, शेअर ठेवायचं डीमॅट खातं उघडलं, आता कुठला शेअर घेऊ?" ते मला विचारू नकोस, माझी स्वतःचीच यादी दाखवण्यासारखी नाही. सौदा कसा होतो तेवढं सांगतो.

मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघतच तू मोठा झालास. माल एकाचा, बोली चढवणारे चारजण. शेअर बाजारात बोली दोन्हीकडून चालते: घेणारे आपापला भाव लावून बसलेले, विकणारेही. जास्त देणारा घेणारा पुढे, कमी मागणारा विकणारा पुढे. भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी, त्याचा नंबर आधी. दोघांचं जुळलं की कॉम्प्युटर सौदा पक्का करतो. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन हेच चालू. आणि तुझे पैसे कंपनीला जात नाहीत बरं का, विकणाऱ्याला जातात. कंपनीच्या तिजोरीत पैसा जातो तो नवा शेअर काढते तेव्हा.

ॲपवर ठळक दिसतो तो भाव शेवटच्या झालेल्या सौद्याचा. तुला त्याच भावात मिळेल असं नाही. हे मी पैसे मोजून शिकलो. एका छोट्या कंपनीचा शेअर 82 रुपये दिसत होता. 200 हवे होते, 'मार्केट ऑर्डर', म्हणजे मिळेल त्या भावात घ्या, असं टाकून मोकळा झालो. 30 मिळाले 82.10 ला, 50 मिळाले 83 ला आणि उरलेले 120 थेट 86.40 ला! कमी भावात विकणारेच तेवढे होते. 581 रुपये जास्त गेले, तेही अर्ध्या मिनिटात. तेव्हापासून मी 'लिमिट ऑर्डर'शिवाय, म्हणजे याहून जास्त देणार नाही असा भाव घातल्याशिवाय, बोट लावत नाही. नाही मिळाला तर नाही मिळाला.

याची दुसरी बाजू जास्त वाईट. टेलिग्रामवरच्या टिपेने घेतलेला शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवशी भाव ज्याच्या खाली जाऊ देत नाहीत त्या हद्दीला, लागला की विकणाऱ्यांची रांग लागते आणि घ्यायला कुणी नसतं. भाव दिसतो, पण गिऱ्हाईक नाही.

घेतलेला शेअर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी डीमॅटला जमा होतो. 27 जानेवारी 2023 पासून सगळ्याच शेअरना हा नियम आहे. तो ब्रोकरच्या घरी नसतो, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे तुझ्या नावावर असतो. पूर्वी हळद हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, असायची आणि सौदा सांगलीत व्हायचा, तसंच हे. म्हणून त्यांचं स्टेटमेंट ई-मेलवर आलं की न उघडता पुसू नकोस.

ऑप्शनचं नाव काढलंस, त्यावर एकच सांगतो. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने तीन वर्षांचा हिशोब काढून 2024 मध्ये जाहीर केला: शेअरच्या वायद्यात, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शनमध्ये, उतरलेल्या शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 तोट्यात. तू उरलेल्या सातांतला आहेस असं तुला वाटत असणार. मलाही वाटलं होतं.

उद्या सोमवारी काही घेऊ नकोस. एखादा ओळखीचा शेअर उघड, 'मार्केट डेप्थ'मध्ये घेणारे आणि विकणारे अशा दोन्ही बाजूंच्या भावांच्या पाच-पाच ओळी दिसतील, त्या तासभर बघ. मंगळवारी हवा तर एकच शेअर घे, लिमिट लावून. रात्री ब्रोकरकडून काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, येईल, तिची प्रिंट घेऊन ये. अडत दुकानातली पट्टी वाचताना हमाली, तोलाई बघतो ना, तशी दलाली, एसटीटी म्हणजे सौद्यावरचा कर, स्टँप ड्युटी ओळीने बघू. चष्मा माझा मी आणतो.

तुझा काका